टेकाडावरची भुलजांभळी

पैज लागली गोरक्षच्या चहाच्या टपरीवर, आणि पैजेला लागल्या दोन मिशा. एक जालिंदरची, दुसरी बाळासाहेबाची.

जालिंदरचं पंक्चरचं दुकान आणि बाळासाहेबाची दूध डेअरी यांच्यात एकच पत्र्याची भिंत. इकडं शिंक आली की तिकडून 'सत्य हाय' ऐकू यायचं. गेल्या साली जालिंदरनं बाळासाहेबाच्या मोटरसायकलला ट्रकचा रिव्हर्सचा भोंगा बसवला होता. बाळासाहेब मेव्हण्याच्या साखरपुड्याला गेला तो ब्रेक दाबील तिथं 'बाजू व्हा, बाजू व्हा' करत गेला. तेव्हापासून बाळासाहेब जालिंदरला एकदा तरी जमिनीवर आणायच्या घातीत होता.

त्या दिवशी निमित्त झालं प्रांजलचं. ही पोरगी घोडेगावच्या वरच्या अंगाची, भात-नाचणीच्या डोंगरी मुलखातली. गावची झाडांची वही करायला पंचायतीनं बोलावलेली. रानात आपोआप उगवतं ते सगळं तिनं बघायचं, नाव विचारायचं, कुठं सापडतं, कशाला लागतं, ते लिहायचं, आणि खाली लिहायचं 'माहिती देणारा'. स्कूटीला मागं दोन लाकडी जाळीच्या फळ्या बांधलेल्या. झाडाची फांदी जुन्या वर्तमानपत्रात घालून त्या फळ्यांमधी पट्ट्यानं आवळायची, रोज कागद बदलायचा. तीन आठवड्यांत तिनं लोणीच्या पुढच्या आमच्या हिंगणमाळात एकशे बारा झाडं वहीत भरली होती. त्यातली सात निघाली जालिंदरच्या दुकानापुढं.

"सात!" बाळासाहेब बशीतला चहा फुंकत म्हणाला. "वीस वर्सं तू त्यांच्यावर टायर ठिवतूय आन म्हनतूय गवत. पोरगी लई हुशार हाय राव. तिला कोनी फसवू शकत न्हाई."

"कोनी?"

"कोनीच."

एडक्याला दुसरा एडका दाखवावा तसं झालं. जालिंदरनं कप ठेवला. सायकलच्या हँडलसारख्या मिशीची दोन्ही टोकं पुसली.

"मी एक झाड बनवतो. माझ्या हातानं. तिच्या वहीत त्याचं नाव लागंल, आन दोन ऑक्टोबरच्या ग्रामसभेत वाचून मंजूर व्हईल. बोल."

"न्हाई झालं तर?"

"मिशी."

गोरक्षनं गॅस बारीक केला. पैजेचा पंच तोच असायचा, कारण त्याला मिशीच नव्हती.

"मग ऐका," गोरक्ष म्हणाला. "मंजूर झालं तर बाळासाहेबाची जायची. न्हाई झालं तर जालिंदरची. मधी ज्यानं तोंड उघडलं, कुनाला सांगितलं, त्याची तिथंच जायची. वस्तरा न्हाई, मेंढराची कातर. जागा, पंचायतीचा ओटा."

गल्ल्याशेजारच्या डबीतला बिरोबाचा भंडारा गोरक्षनं तिघांच्या कपाळाला लावला. झालं. भंडाऱ्याची आण म्हणजे स्टॅम्प पेपरच्या वरची गोष्ट.

जालिंदरला बनवायला सामान लांब शोधावं लागलं नाही. जूनमधी बाळासाहेबाचा कुठंतरी सत्कार झाला होता. त्यातला गुच्छ त्यानं प्लास्टिकसकट डेअरीत, काट्याच्या वर टांगून ठेवला होता. गुलाबांचा चुरा झालेला, पण मधली भरतीची जांभळी फुलं, ती कागदासारखी असतात बघा, हाताला कुरकुरतात, ती जशीच्या तशी. जालिंदर अर्धा लिटर दूध घ्यायला गेला आणि बाळासाहेब फॅट बघायला वाकला तेवढ्यात तीन देठ खिशात घालून आला.

गावाला सगळीकडून कांदा आणि ऊस. मोकळं म्हणून राहिलंय एकच, बिरोबाचं टेकाड. त्याच्या मागच्या अंगाला दीड पुरुष उंचीवर खडकाला फट आहे, फटीत हेकळ उगवलेली. हेकळ म्हणजे काटेरी झुडूप, मेंढरांमागं हिंडणारं पोर पण ओळखतं. जालिंदर खडकाच्या माथ्यावर पालथा झोपला आणि हात खाली सोडले. एकेक काटा कानशीनं घासला, सोल्युशन लावलं, फुंकर मारली, फूल दाबलं, वीसपर्यंत आकडे मोजले. ट्यूबला ठिगळ लावतो तसंच. तेवीस काट्यांवर तेवीस फुलांचे झुबके. खाली उतरून बघितलं तर त्याचं त्यालाच खरं वाटलं.

दुसऱ्या दिवशी प्रांजलला घेऊन गेला. ती खाली उभी राहिली, मान वर.

"मामा, हे काय आहे?"

"भुलजांभळी," जालिंदर म्हणाला. नाव चढ चढताना सुचलं होतं.

"पान तर हेकळीचं वाटतंय. पण हेकळीला बारीक पांढरी फुलं येतात. हे…" तिनं फोनवर फोटो मोठा केला. "तुमचा माळ मला नवीन आहे हो. आमच्याकडचं असतं तर डोळे झाकून सांगितलं असतं. वर चढून एक फांदी काढू का?"

जालिंदर तिच्या आणि खडकाच्या मधी येऊन उभा राहिला. फांदी हातात आली की सोल्युशनचा वास येणार.

"नको नको! एकच हाय बाई ते. सगळ्या टेकाडावर एकच. मोडलं तर गेलं."

प्रांजलनं लगेच पाय मागं घेतला. "एकच असेल तर तोडायचं नाही, असाच नियम आहे आमचा. बरं झालं सांगितलंत." तिनं लांबून बारा फोटो काढले, वहीत लिहिलं. एकशे तेरा. स्थानिक नाव, भुलजांभळी. आढळ, एक. माहिती देणारा, जालिंदर.

संध्याकाळी टपरीवर जालिंदरनं बाळासाहेबाच्या मिशीकडं बघून नुसती कातर चालवायची खूण केली. बाळासाहेबाचा चहा नाकात गेला.

ही मजा चार दिवस टिकली.

पाचव्या दिवशी प्रांजल दुकानाशी स्कूटी लावून आली. चेहरा असा की दहावीचा निकाल लागलाय.

"मामा, तुमच्यामुळं लई मोठं काम झालं. फोटो आमच्या कॉलेजच्या सरांना पाठवले. त्यांना पण ओळखू येईना. ते म्हणाले, एकच झाड असेल तर आधी वाचवा, नाव नंतर शोधू. टेकाडावर चराईबंदीचा ठराव घ्यायचा ग्रामसभेत. सरपंचबाई तयार आहेत. पाच वर्षं."

जालिंदरच्या हातातला पाना ट्यूबवर पडला. "चराईबंदी? सगळ्या टेकाडावर?"

"सगळ्या. मेंढरू चढलं तर एका घासात गेलं ना ते."

ती गेली. ज्याची ट्यूब होती तो माणूस म्हणाला, "भाऊ, भोक हिकडं हाय." जालिंदरनं ठिगळ भलतीकडंच लावलं होतं.

टेकाडावर मेंढरं कुणाची? एकटीची. बाळाबाईची. बाळाबाई म्हणजे जालिंदरची आत्या. नवरा गेल्यावर माहेरी आली ती बारा मेंढ्या घेऊन. आता चाळीस आहेत. गावातल्या बाकीच्यांनी मेंढरं मोडून कांदा धरला, तिनं धरला नाही. तिला बांधावर कुणी उभं करत नाही, उसात तर नाहीच. सकाळी टेकाड, संध्याकाळी वाडा, असं तिचं चाळीस वर्षांचं टाइमटेबल. टेकाड बंद म्हणजे मेंढरं बाजारात. एवढं सरळ होतं ते.

त्या दिवसापासून जालिंदरचं बूड कुठं टेकेना. दुकानात बसला की उठायचा, उठला की टेकाडाकडं बघायचा, एकच नट तीनदा आवळायचा. जेवताना भाकरीचे तुकडे करून ताटातच विसरायचा. बायको आशा म्हणाली, "काय झालंय? पोटात जंत झाल्यात का?"

सांगणार काय? तोंड उघडलं की मिशी. भंडाऱ्याची आण.

पहिली युक्ती त्यानं केली ती सोपी. फुलंच काढून टाकायची. म्हणायचं वाऱ्यानं गेली. दुपारचा टेकाडावर गेला, तर खडकाच्या खाली बाळाबाई बसलेली. हातात काठी, तोंड फटीकडं. मेंढरं लांब, दुसऱ्या उतारावर.

"आत्ये, तू हितं काय करतीयास?"

"राखन," बाळाबाई म्हणाली. "त्या पोरीनं सांगितलं, कोनी चढू देऊ नका. तू बी लांब हो."

"मी नुसता बघतो वर जाऊन."

"वर गेलास तर काठी घालीन."

घातली असती. जालिंदर लहानपणी खाऊन बसला होता. तो खालीच बसला. बाळाबाई बराच वेळ डोळे बारीक करून वर बघत राहिली.

"जाल्या, मी ह्याला हेकळ म्हनायची रं. चाळीस वर्सं. ह्या खडकाला सावलीला बसायची, आन वर हेकळ हाय, असंच धरून चालायची. असलं फूल कदी दिसलंच न्हाई मला."

"दिसलं नसंल."

"तेच म्हनते. डोळं गेलं असत्याल कवाच, मला कळलं न्हाई." तिनं काठी मांडीवर आडवी घेतली. मग म्हणाली, "त्या पोरीच्या वहीत निम्मी नावं मी सांगितल्यात. साठ झाडं. आता वाटतं, हे एक चुकलं तर बाकीची काय खरी?"

जालिंदर पाचव्या मिनिटाला उठला. चालताना पाय खडकाला ठेचला, तरी थांबला नाही. थेट डेअरीत.

"बाळासाहेब, पैज मोडू."

बाळासाहेबाची पण झोप उडालेली दिसत होती. मिशी मात्र ताठ. "कशापायी?"

"आत्याची मेंढरं जातील."

"मग सांग की उठून. कोन नको म्हनतंय? कातरीला धार लावून ठिवतो."

"तू सांग. तू बी शहाना हायेस गावात. डेअरीचा चेअरमन हायेस."

"वा! झाड तू चिकटवलं, आन मिशी माझी?" बाळासाहेब कॅन आपटत म्हणाला. मग आवाज खाली आणला. "दोन तारखंला मंजूर झालं तर माझी जाती. त्याच्या आधी बोललो तरी माझीच. आन तू गप बसलास तर जिंकतूयस! तू कशाला वळवळतूय रं?"

हे मात्र खरं होतं. जालिंदरला नुसतं गप्प बसायचं होतं. आयुष्यात त्याला कुठलंच काम एवढं जड गेलं नव्हतं.

दुसरी युक्ती त्यानं प्रांजलवर केली. "बाई, ते झाड म्हनं कळंबच्या रस्त्याला बी बघितलं कोनी. भरपूर हाय. एवढं काय न्हाई त्यात."

प्रांजल अर्ध्या दिवसाचं काम टाकून कळंबचा रस्ता दोन्ही अंगांनी पायी हिंडून आली. काहीच सापडलं नाही. परत आली ती तळपायाला काटा मोडून, आणि वहीत 'आढळ, एक'च्या खाली दोन रेघा मारून. "आता खात्री झाली मामा. नक्की दुर्मिळ."

म्हणजे सुटायला जेवढं ओढावं तेवढी गाठ बसायला लागली.

तिसरी युक्ती नव्हतीच. दोन ऑक्टोबर उजाडला.

पंचायतीपुढं मांडव, सतरंज्या, ओट्यावर टेबल. सरपंच वैजयंतीबाई मधी, प्रांजल कडेला. टेबलावर वाळवलेल्या झाडांचे कागद एकावर एक रचलेले. बाया एका अंगाला, त्यात पुढंच बाळाबाई. पुरुषांत जालिंदर आणि बाळासाहेब शेजारी शेजारी, कारण बाकीची जागा गेली होती. गोरक्ष चहा वाटायच्या निमित्तानं उभा. त्याच्या कमरेला पिशवी होती आणि पिशवीतून कातरीची मूठ दिसत होती. जालिंदरच्या मांडीवर पण एक पिशवी होती. ती त्यानं सकाळी डेअरीतून दूध घेताना का आणली, ते त्याचं त्यालाही नीट माहीत नव्हतं.

प्रांजल वाचायला लागली. तरवड. टाकळा. कुर्डू. आघाडा. प्रत्येक नावाला लोकांतून कुणीतरी काहीतरी जोडत होतं. "आघाड्याची काडी दाताला बेस!" "कुर्डूची भाजी माझ्या आयच्या हातची खावी!" साठ नावांखाली एकच नाव येत होतं, माहिती देणारी बाळाबाई. दर वेळी बायांत कुजबूज आणि बाळाबाईची मान खाली.

नव्वद. शंभर. जालिंदरचा गुडघा हलायला लागला. शेजारी बाळासाहेबाचा पण हलत होता. सतरंजी दोघांच्या खाली वळवळायला लागली.

"एकशे बारा, गोखरू," प्रांजल म्हणाली आणि श्वास घेतला. "एकशे तेरा. भुलजांभळी. आणि ह्या एका झाडासाठी ठराव आहे."

वैजयंतीबाईंनी चष्मा लावून ठराव वाचला. बिरोबाच्या टेकाडावर पाच वर्षं कुठलंही जनावर चारायला न्यायचं नाही. "कुणाची हरकत?"

कुणाचीच नव्हती. कुणाची मेंढरंच नव्हती तर हरकत कशाला? सगळ्यांनी बाळाबाईकडं बघितलं.

बाळाबाई उठली. लुगड्याचा पदर खोचला.

"माजी हरकत न्हाई. झाड वाचंल तर वाचू द्या. पुढच्या बाजारला मेंढरं इकते." ती प्रांजलकडं वळली. "पर पोरी, माजी नावं तेवढी खोड. साठच्या साठ. ज्या बाईला हेकळ वळखाया आली न्हाई, तिचं नाव वहीत नको. लोक हसत्याल."

प्रांजलनं पेन उघडलं नाही. नुसतं हातात धरून बसली.

"मग मंजूर म्हणायचं का?" वैजयंतीबाई म्हणाल्या. "हात वर…"

बाळासाहेबानं डोळे मिटले आणि एका हातानं मिशी झाकली. एकच शब्द राहिला होता. तो लोकांनी म्हणला की जालिंदर जिंकला, आणि हिंगणमाळात पुढची वीस वर्षं गोष्ट सांगितली गेली असती. जालिंदरला ती गोष्ट ऐकू पण आली. कोण सांगतंय, कोण हसतंय, सगळं. फक्त त्या गोष्टीत टेकाडावर कुणी दिसेना.

"थांबा!"

तो कधी उठला ते त्यालाच कळलं नाही. शेजारच्याच्या चहावर पाय पडला होता.

"ते झाड न्हाई. हेकळच हाय ती. आत्याचं बरोबर हाय."

"बस खाली जालिंदर," वैजयंतीबाई म्हणाल्या. "चेष्टेची जागा नाही ही."

"चेष्टा आधी केली. आता खरं सांगतूय." त्यानं पिशवीतून गुच्छ काढला. बाळासाहेबाच्या सत्काराचा गुच्छ, प्लास्टिकसकट. वर धरला. "फुलं ह्यातली. तीन देठं तोडल्याली हितं दिसत्यात बघा. सोल्युशननं काट्यांना चिकटवली. कोनीबी वर चढून वढून बघा, हातात येत्याल. वास बी पंक्चरचा येईल."

मांडवात असा हशा पिकला की ओट्यावरचे कागद हलले. बाळासाहेब ओरडला, "माझा गुच्छ!" मग त्याच्या ध्यानात आलं की मिशी वाचली, आणि तो पण हसायला लागला.

दोनच माणसं हसत नव्हती. प्रांजलचे कान लाल झाले होते. ती उठली, जालिंदरच्या हातातून गुच्छ घेतला, एक फूल उलटं करून भिंगातून बघितलं.

"मी खालून बघितलं," ती हळू म्हणाली. "बाळाबाईंनी पहिल्याच आठवड्यात मला सांगितलं होतं, खडकात हेकळ आहे. लिहिलंय माझ्याकडं. मी त्यांचं सोडून फोटोचं खरं धरलं." तिनं वही उघडली. लोकांना वाटलं, ती साठ नावं खोडणार. तिनं एकशे तेरावरच आडवी रेघ मारली, सरळ, पट्टीनं. "ठराव मागं घ्या बाई. टेकाड उघडं राहू द्या."

बाळाबाई जालिंदरपुढं येऊन उभी राहिली. तिच्या हातात काठी होती, म्हणून तो थोडा मागं सरकला.

"म्हंजी माजं डोळं शाबूत हायेत?"

"शाबूत हायेत, आत्ये."

"आन हे तुला कवापासनं ठावं हाय?"

"पहिल्यापासनं."

"आन त्याला?" तिनं काठी बाळासाहेबाकडं केली.

बाळासाहेब चपला शोधायला लागला.

गोरक्षनं ओट्यावर खुर्ची मांडली. पैजेचं कारण त्यानं चार वाक्यांत गावाला सांगितलं. ज्यांना तोवर अंदाज आला होता त्यांनीही कान देऊन ऐकलं. जालिंदर मुकाट्यानं खुर्चीत बसला. गोरक्षनं कातर काढली, तशी बाळाबाईनं त्याच्या हातातून घेतली.

"तू चहा कर. मेंढरू कातरायचं तुला काय कळतंय?"

तिनं जालिंदरचं डोकं गुडघ्याला टेकवलं, जसं मेंढराचं टेकवतात, आणि हनुवटी धरली. आशा बायांतून ओरडली, "मामंजीसारकी दिसती ती मिशी, जपून!" मग तिलाच हसू आवरेना. कातर दोनदा वाजली. डावं टोक पडलं, उजवं पडलं. पोरांनी शिट्ट्या मारल्या. जालिंदरनं ओठावरून हात फिरवला. वीस वर्षांनी तिथं वारा लागला होता.

"पुढचा कोन?" बाळाबाई म्हणाली. पण बाळासाहेबाची मोटरसायकल तोवर चालू झाली होती, आणि घाईत ब्रेक दाबला गेला तसा सगळ्या गावाला परत एकदा ऐकू आलं, 'बाजू व्हा, बाजू व्हा.' भोंगा त्यानं वर्षभरात काढलाच नव्हता.

प्रांजलनं टेबलावरचा एक कोरा कागद घेतला, ओट्यावर पडलेले मिशीचे दोन्ही तुकडे चिमटीनं उचलले, झाडाची फांदी ठेवतात तसे नीट पसरले आणि चिकटपट्टी लावली. खाली झाडांच्या कागदावर लिहिते तसंच लिहायला लागली, मोठ्यानं म्हणत.

"ठिकाण, हिंगणमाळ, पंचायतीचा ओटा. तारीख, दोन ऑक्टोबर. आढळ, एक होता, आता नाही. उपयोग…" ती जालिंदरकडं बघून थांबली.

"काय बी न्हाई," जालिंदर म्हणाला.

तिनं ते लिहिलं. मग शेवटच्या ओळीवर पेन टेकवून बाळाबाईला विचारलं, "माहिती देणारी?"

"माजंच लिव," बाळाबाई कातर पदराला पुसत म्हणाली. "एकसष्ट."